आवाज जाऊ देणारा पडदा

पडद्याचं काम अडवणं हे असतं, यावर भाईंदरच्या केबिन रोडच्या तमाम कापडवाल्यांचं एकमत आहे. ऊन अडवणारा, धूळ अडवणारा, समोरच्या विंगेतल्या लोकांची नजर अडवणारा, असे सगळे पडदे त्यांच्याकडे आहेत. आवाज जाऊ देणारा पडदा मागायला गेलेला मी पहिलाच. "साब, लोग तो आवाज बाहर ना जाए इसलिए परदा लेते हैं," एक दुकानदार म्हणाला, आणि मग काउंटरवरून पुढे वाकून हळूच, "घर में कुछ प्रॉब्लेम है क्या?"

होता. प्रॉब्लेम गिरिजाआत्याचा होता.

या आत्याने मला लहानपणी गिरगावात झाडून सगळे मराठी चित्रपट दाखवले. "हा का रडतोय? तो कुठे गेला? आता काय होणार?" अशी माझी टकळी थेटरात अखंड चालू असायची. ती न कंटाळता सांगत राहायची, आणि अगदीच अति झालं की माझ्या मांडीवर चापट मारून म्हणायची, "गप्प बस रे. पुढचं मलाही माहीत नाही." आता ती आमच्याकडे भाईंदरला असते. चौथा मजला, लिफ्टची जागा बिल्डरने सोडलेली आहे, लिफ्ट सोडलेली नाही. आत्याचे गुडघे गेले आणि पाठोपाठ कानही गेले. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तिने ते लवंगांच्या डबीत ठेवून दिलंय.

आमच्या टीव्हीचा आवाज काचेच्या उजव्या बाजूला असलेल्या जाळीतून येतो. आत्या त्या जाळीकडे बघत बसायची. जिकडून आवाज येतो तिकडे बघायचं, ही तिची साधी शिस्त. जाळीकडे बघितलं की बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, आणि ओठांकडे बघितलं की आवाज भलतीकडून येतो. "थेटरात कसं, जो बोलतो त्याच्या तोंडातूनच आवाज येतो," ती म्हणायची. आधी ती विचारायची, "काय म्हणाला रे तो?" मग विचारणं कमी झालं, मग बंदच झालं. आम्ही हसलो की तीही हसायची, जराशी उशिरा. तिचं ते उशिराचं हसू मला बघवेना. म्हणून मी प्रोजेक्टर घेतला.

शहाण्या माणसाने दुसरा टीव्ही घेतला असता, हे उर्मिलाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला तेव्हाही सांगितलं आणि त्यानंतरही वेळोवेळी सांगितलंय. पण घरोघर केबल आली आणि स्टेशनजवळचा व्हिडिओ हॉल बंद पडला. तिथला तीन भिंगांचे तीन डोळे असलेला भलाथोरला प्रोजेक्टर मालक कुणालाही द्यायला तयार होता, आणि कुणी न्यायला तयार नव्हतं. असली वस्तू दिसली की माझ्यातला संशोधक जागा होतो. हमालांनी तो चार मजले वर आणला, हॉलच्या मधोमध ठेवला आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की उर्मिलाने त्यांना सरबताबरोबर लाडूही दिले. त्यानंतर आलेला प्रत्येक पाहुणा त्याला टीपॉय समजून त्यावर कपबशी ठेवू लागला, तेव्हा उर्मिलाने त्याच्यावर एक भरतकामाचा टेबलक्लॉथच घातला.

थेटरात स्पीकर पडद्यामागे असतो, ही गोष्ट मला एका इंग्रजी मासिकात सापडली. म्हणजे आपणही पडद्यामागे स्पीकर ठेवायचा. स्पीकर मिळाला तो ह्युबर्टकडून. हा माझ्या ऑफिसातला मित्र. राहतो उत्तनजवळच्या डोंगरीला, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात, सणाला लाउडस्पीकर लावायचा त्याचा जोडधंदा आहे. त्याने एक काळी पेटी आणि तिच्याबरोबर टेप दिला. टेपमध्ये सनईची कॅसेट अडकून बसली होती. "ती निंगत न्हाय," ह्युबर्ट म्हणाला. "रावंद्या. मंगल हाय."

आता राहिला फक्त पडदा. या 'फक्त'ने माझं पुढचं आयुष्य खाल्लं.

आधी घरातली जाड चादर लावली. चित्र झकास आलं. आवाज मात्र गोधडीतून आल्यासारखा. आत्या बराच वेळ नीट बघत होती. मग म्हणाली, "ह्या सगळ्यांना एकदम पडसं झालंय का रे?"

मासिकात लिहिलं होतं की, ज्या कापडातून फुंकर जाते त्यातून आवाज जातो. मग मी केबिन रोडवर कापडं फुंकत फिरू लागलो. एक हात पलीकडे धरायचा, तागा तोंडाला लावायचा आणि फुंकर मारायची. वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक टक्कल पडलेला, चष्मेवाला, हातात ऑफिसची बॅग असलेला गृहस्थ तुमच्या दुकानात येतो, पॉपलीनला ओठ लावतो, डोळे मिटतो, आणि मान हलवून दुसऱ्या ताग्याकडे वळतो. तिसऱ्या दुकानात मला स्टूल आणि पाणी देण्यात आलं. चौथ्या दुकानात मालकाने नोकराला ओरडून सांगितलं, "इनको हाथ मत लगाने दो, सफेद माल है!" पंधरा वर्षं विमा कंपनीत इज्जतीने नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

शेजारच्या हंसाबेनना हे कळलं. हंसाबेनचं दार आमच्या दाराला लागून आहे आणि दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असतात, त्यामुळे त्यांना न कळणं कठीणच. त्या म्हणाल्या, "आठल्येभाई, एमां शुं? मच्छरदानी लगाव ने! हवा पण जाय, आवाज पण जाय."

मच्छरदाणीतून आवाज फर्स्टक्लास गेला. चित्रही गेलं. ते मच्छरदाणीतून आरपार मागच्या कपाटाच्या आरशावर पडलं, आरशाने ते गॅलरीतून बाहेर फेकलं, आणि बी विंगेच्या भिंतीवर नायिका फुलं वेचू लागली. आमच्या घरात अंधुक काहीतरी हलत होतं, आणि समोरच्या विंगेतले लोक गॅलऱ्यांत खुर्च्या टाकत होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव चौघुले आले. महिपतराव माणूस वाईट नाही. पण त्यांच्याकडे नियमांचं पुस्तक आहे आणि ते त्यांना पाठ आहे. "सोसायटीच्या भिंतीचा वापर करण्यापूर्वी," ते म्हणाले, "कमिटीची परवानगी लागते. जाहिरात असो किंवा बाई असो." मी माफी मागितली. जाता जाता त्यांनी विचारलं, "पुढे त्या मुलीचं लग्न झालं का?"

मग ह्युबर्टने त्याच्या आजाचं शीड आणलं. आता डोंगरी-उत्तनच्या होड्यांना इंजिनं आली, शिडं माळ्यावर पडून आहेत. ह्युबर्ट ते खांद्यावर टाकून बसने घेऊन आला. पांढरं, भक्कम, हवं तेवढं मोठं. मी तोंड लावून फुंकर मारली. गेली नाही.

"अरे, हे वारा अडवायलाच केलेलं असतं," मी म्हटलं.

"वारा येगला, आवाज येगला," ह्युबर्ट ठामपणे म्हणाला. "माझा आजा होडीत शिडाच्या मागं बसून गाना म्हणायचा. किनाऱ्यावर आयकू यायचा." आजाच्या आवाजाविषयी त्याच्या नातवाशी वाद घालणं मला प्रशस्त वाटलं नाही. आम्ही शीड हॉलमध्ये पडद्यासाठी ठोकलेल्या दांडीला बांधलं.

गॅलरीचं दार उघडं होतं. वर पंखा चालू होता. खाडीवरून संध्याकाळचा वारा सुटला. शिडाला बहुधा जुनी ओळख पटली. ते फुगलं. सगळा हॉल भरून फुगलं. मी म्हणतोय, "पंखा बंद करा, पंखा," तोवर दांडी, दांडीचे खिळे आणि बरंचसं प्लास्टर घेऊन ते स्वयंपाकघराच्या दिशेने निघालं. ह्युबर्टच्या तोंडावर मात्र अभिमान होता. "बगा," तो म्हणाला, "अजून जोर हाय."

शीड गेलं, पण सुक्या बोंबलाचा वास राहिला. आमचं घर तसं सोवळं वगैरे नाही, ऑफिसच्या पार्टीत मीही सुरमई खातो. पण हा वास आजापासूनचा होता. उर्मिला जी उदबत्त्या लावत सुटली ती पुढचा सबंध आठवडा.

आता पुढे जे झालं, त्यात या उदबत्त्यांचा वाटा आहे. दांडी नव्हती, हाही एक मुद्दा आहे.

रविवार होता. मी शेवटी हिय्या करून जरा विरळ वाटणारं पॉपलीन आणलं होतं. दांडी नसल्याने कापडाचं एक टोक मी धरलं आणि दुसरं उर्मिलाने. बोलण्याचा आवाज कसा जातो हे बघण्यासाठी मागे उर्मिलाची धाकटी बहीण नीलिमा हिला उभं केलं. ती सुट्टीची जेवायला आली होती. केसांत गजरा होता. हातात वाचायला वर्तमानपत्र दिलं होतं. पुढे कान देऊन ऐकायला महिपतरावांचा मुलगा स्वप्नील होता. त्याला रेडिओ, टेप यातलं कळतं असं सगळी बिल्डिंग मानते. तो मीरा रोडला मित्राच्या लग्नाला निघाला होता, म्हणून अंगात रेशमी झब्बा होता. कापडाला कान लागावा म्हणून त्याने मान खाली घातली होती. आत्या खुर्चीत बसून सगळं कौतुकाने बघत होती. तिला नीलिमाचं वाचन ऐकू येत नव्हतं. "आता बारीक सूर जातात का बघू," स्वप्नील म्हणाला, आणि नीलिमाने टेप चालू केला. सनई सुरू झाली.

आता वाचकांनीच डोळ्यांसमोर आणावं. सनई. उदबत्त्यांचा धूर. नवरा-बायकोने दोन बाजूंनी धरलेलं पांढरं कापड. पलीकडे गजरा घातलेली मुलगी, अलीकडे रेशमी झब्ब्यात मान खाली घातलेला मुलगा. खुर्चीत वडीलधारी बाई. आणि सताड उघडं दार.

त्या दारात विरजण मागायला हंसाबेन आल्या.

त्यांच्या हातातली वाटी खाली पडली. "हाय हाय, उर्मिलाबेन! अमने कह्युं पण नई? इतने पास रहते, और चुपचाप लगन?" त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. मी म्हणालो, "अहो, तसं नाही," पण सनई ह्युबर्टच्या पेटीतून येत होती, आणि ती पेटी मैदानातल्या लग्नासाठी केलेली होती. हंसाबेन जिन्यात धावल्या. आमच्या बिल्डिंगचं वैशिष्ट्य असं की पाण्याचा टँकर आला आणि कुणाचं लग्न निघालं, या दोन बातम्यांना जिना उतरायला अजिबात वेळ लागत नाही. बघता बघता दारात माणसं दिसू लागली. बायकांच्या मुठीत तांदूळ होते. कुणीतरी त्यांना कुंकूही लावलेलं होतं, कुणी घाईत तुरडाळीची मूठच घेऊन आली होती.

गर्दीतून वाट काढत महिपतराव आले. पुस्तक घेऊन. "आठल्ये!" ते सनईवर ओरडले. "फ्लॅटमध्ये लग्नकार्य करायचं असेल तर एन.ओ.सी. लागते! आणि पाण्याचा टँकर ज्याचा त्याने मागवायचा! टाकीतलं पाणी..." एवढ्यात झब्ब्यातल्या मुलाने मान वर केली.

महिपतरावांचं पुस्तक मिटलं. "हा तर आपला स्वप्नील आहे," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले.

"पप्पा, मी नुसता ऐकत होतो," स्वप्नील म्हणाला.

आता खुलासा केलाच पाहिजे म्हणून मी हातातलं कापड खाली केलं. मराठी माणसाने कुठली गोष्ट कधी करू नये याचं काही तारतम्य असतं. सनई चालू असताना वधूवरांमधलं कापड खाली आलं, तर पुढे काय करायचं हे या लोकांना जन्मापासून माहीत आहे. चहूबाजूंनी तांदूळ आले. माझ्या चष्म्यावर आले, प्रोजेक्टरच्या तिन्ही डोळ्यांवर आले, तुरडाळ नीलिमाच्या गजऱ्यात बसली. हंसाबेन टाळ्या वाजवत होत्या. महिपतराव खिसे चाचपत होते. सुनेला पहिल्यांदा बघताना हातावर काहीतरी ठेवावं लागतं, हा नियम कुठल्या पुस्तकात नसूनही त्यांना आठवला होता, आणि त्यांच्या खिशात शिट्टी आणि टाकीची किल्ली एवढंच होतं. मला त्या माणसाचा एकदम लळा लागला.

उर्मिलाने टेपची वायर उपटली तेव्हा कुठे शांतता झाली आणि मला बोलता आलं. मी प्रोजेक्टर, स्पीकर, पडदा, फुंकर, सगळं सांगितलं. लोकांचे चेहरे पडले. स्वप्नील केसांतले तांदूळ काढत भिडस्तपणे म्हणाला, "तशी माझी काही हरकत नव्हती." "माझी आहे," नीलिमा गजऱ्यातली डाळ झटकत म्हणाली, आणि तो विषय संपला.

पण हे सगळं ज्यांना ऐकू आलं त्यांच्यापुरतं. आत्या खुर्चीत नव्हती. ती आतल्या खोलीतून भिंतीला धरत धरत बाहेर आली. तिच्या हातात एक घडी होती, पिवळसर पांढऱ्या, अगदी तलम मलमलीची. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, विटून फिक्कट झालेलं.

"पॉपलीनचा अंतरपाट कुणी धरतं का रे?" ती मला रागावून म्हणाली. "मला आधी विचारायचंस. हा माझ्या लग्नातला. पुन्हा धरा, मुहूर्त टळला नसेल तर."

"आत्या, लग्न नाहीये!" मी ओरडलो. उर्मिला ओरडली. सगळा जिना ओरडला. आत्या सगळ्यांकडे बघून प्रसन्न हसली, जराशी उशिरा, आणि घडी माझ्या हातात दिली. तिच्या चेहऱ्याकडे बघून 'नाही' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मी एक टोक धरलं, उर्मिलाने दुसरं. स्वप्नील बिचारा पुन्हा मान खाली घालून उभा राहिला. मलमल आमच्या श्वासाने हलत होती. आत्या अगदी जवळ येऊन स्वस्तिकावरून बोट फिरवत होती.

"आमच्या वेळी मुलगा आधी दाखवत नसत," ती म्हणाली. "मी खाली मान घालून उभी. मंगलाष्टकं चालू. पलीकडे कोण आहे, कसं आहे, काही ठाऊक नाही. आणि एकदम पलीकडून शिंक आली. होमाचा धूर गेला असणार नाकात. म्हटलं, चला, माणूस आहे." ती थांबली. "ह्यांचा आवाज मी असा आधी ऐकला. तोंड मग दिसलं."

मलमलीच्या मागे नीलिमा स्वतःशीच पुटपुटली, "परत ह्या घरात जेवायला येणार नाही मी."

"असं बोलू नये गं आजच्या दिवशी," आत्या म्हणाली.

उर्मिलाने माझ्याकडे बघितलं. मी उर्मिलाकडे. नीलिमा पडद्यामागे होती. तिचे ओठ आत्याला दिसणं शक्य नव्हतं.

"नीलिमा," मी हळूच म्हणालो, "पुन्हा बोल."

"काय बोलू?" आतून आवाज आला.

"काहीही बोल म्हणतोय तो," आत्याने तिला सांगितलं.

लग्नाला आलेल्या लोकांना तसंच परत पाठवणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी सगळ्यांना सिनेमाला बोलावलं. दांडी नव्हती, म्हणून अंतरपाटाची दोन टोकं नव्याने ठोकलेल्या दोन खिळ्यांना बांधली. मलमलीतून चित्र मागे सांडू नये म्हणून उर्मिलाने आपली संक्रांतीची पातळ काळी साडी मागे सोडली, आणि तिच्यामागे ह्युबर्टची पेटी. अंतरपाट तो केवढा! भिंतभर चित्राची माझी स्वप्नं मी प्रोजेक्टरबरोबर पुढे सरकवत सरकवत टेबलाएवढी केली. प्रोजेक्टरचे तीन डोळे एका जागी बघत नसत, त्यामुळे प्रत्येक पात्राला लाल-निळी किनार होती. आणि प्रत्येकाच्या तोंडावर कधी ना कधी स्वस्तिक येत होतं. जुना काळा-पांढरा मराठी चित्रपट होता. सावकार कपाळावर स्वस्तिक घेऊन आला तेव्हा हंसाबेन म्हणाल्या, "आ तो भगत लागे छे." महिपतराव पहिल्या रांगेत बसले होते. मीरा रोडच्या लग्नाचा मुहूर्त केव्हाच टळला होता, आणि स्वप्नील त्याच झब्ब्यात पेटीपाशी बसून बटणं फिरवत होता.

मी सिनेमा बघत नव्हतो. मी आत्याकडे बघत होतो. ती उजवीकडे बघत नव्हती, डावीकडे बघत नव्हती. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. पडद्यावर सासरा जावयाला काहीतरी तिरकस बोलला, आणि आत्या खुदकन हसली. आम्ही बाकीचे तिच्या मागून हसलो, जरासे उशिरा.

मला राहवलं नाही. मी तिच्याकडे वाकलो आणि विचारलं, "आत्या, काय म्हणाला गं तो?"

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. माझ्या मांडीवर चापट बसली.

"गप्प बस रे," ती म्हणाली. "ऐकू दे."